बडोदे ते न्यूअर्क: अंतर किती, वेळ किती आणि तिकिटावरचे तास वेगळे का?

दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि मे महिन्यात दोघांना तिच्याकडे जायचं आहे. एका संकेतस्थळावर बडोदे ते न्यूअर्क हे अंतर १२,२४० किलोमीटर आणि विमानाचा वेळ १३ तास ३६ मिनिटं दाखवला आहे. हातात आलेली दोन तिकिटं वेगळंच सांगतात. अहमदाबाद-अबू धाबी-न्यूयॉर्क २१ तास २० मिनिटं, आणि बडोदे-मुंबई-न्यूअर्क २३ तास २० मिनिटं. अबू धाबीमार्गे परतीचा प्रवास मात्र १९ तासांचाच. यजमानांचे गुडघे दुखतात. तर खरा वेळ कोणता धरायचा आणि यातलं कोणतं तिकीट घ्यायचं?

ताई, मी नोकरीचा बहुतेक काळ एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान सुटायच्या आधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि अडचण आली तर उतरायची जागा हे सगळं जो ठरवतो, तो डिस्पॅचर. निवृत्तीनंतर बडोद्यात परतलो आणि तेव्हापासून हा प्रश्न मला मे महिन्याच्या आधी हमखास येतो, कारण आपल्याकडे घराघरातून एक तरी मूल तिकडे आहे. तुमच्या पाचही आकड्यांत खोटं काही नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतोय, आणि तुम्हाला हवी असलेली गोष्ट त्यातला एकही मोजत नाही. कशी, ते सांगतो.

आधी ते १२,२४०. हा आकडा बरोबर आहे, मी स्वतः गणित करून पाहिलं. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे हे अंतर. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक बडोद्यावर आणि दुसरं न्यूयॉर्कशेजारी धरून दोरा ताणा. दोरा पश्चिमेकडे अरबस्तानावरून जात नाही. तो वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मॉस्कोच्याही उत्तरेकडून रशिया, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर तो जवळजवळ उत्तर ध्रुववृत्ताला टेकतो, आणि तिथून आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्रडॉर, क्वेबेक असा खाली उतरत न्यूअर्कला पोचतो. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर आपण पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक अशी जाते. ती रेघ दिसायला सरळ, पण तिची लांबी सुमारे १४,००० किलोमीटर भरते. म्हणजे पट्टीची सरळ वाट दोऱ्याच्या वाकड्या दिसणाऱ्या वाटेपेक्षा पावणेदोन हजार किलोमीटरनं लांब. विमानातल्या पडद्यावर ग्रीनलंड दिसलं की शेजारचे प्रवासी घाबरून विचारतात, रस्ता चुकला का? चुकलेला नसतो.

आता १३ तास ३६ मिनिटं कुठून आले? १२,२४० ला ९०० नं भागलं, एवढंच. मोठी विमानं वरच्या उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, म्हणून संकेतस्थळं तेवढाच भागाकार करतात. त्यात वारा नाही, कुठल्या देशाची हद्द बंद आहे ते नाही, धावपट्टीपर्यंतचं रांगणं नाही. मुख्य म्हणजे बडोद्याहून न्यूअर्कला असं एकही विमान सुटत नाही. हरणीच्या विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आतली आहे. एवढ्या लांबच्या पल्ल्याचं इंधन भरलेलं जड विमान मेच्या उन्हात तिथून उचलणं शक्य नाही. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि धावपट्टी जास्त लागते. म्हणजे ते १३ तास ३६ मिनिटं कोणीही कधी प्रवास न केलेल्या विमानाचे आहेत.

तुम्हाला कुठून तरी बदलून जावंच लागणार, आणि इथे लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. बडोद्याहून आधी दक्षिणेला मुंबईला जायचं म्हणजे उलटा फेरा, असं सगळ्यांना वाटतं. आकडे बघा. बडोदे-मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आणि मुंबई-न्यूअर्क १२,५५०, मिळून १२,९१०. अहमदाबाद-अबू धाबी १,८३० आणि अबू धाबी-न्यूयॉर्क ११,०३०, मिळून १२,८६०. बडोदे-दिल्ली ७९५ आणि दिल्ली-न्यूअर्क ११,७६५, मिळून १२,५६०. तिन्ही वाटा त्या आदर्श दोऱ्यापेक्षा फार तर पावणेसातशे किलोमीटर जास्त, म्हणजे उडण्याचा पाऊण तास. गोल मोठा आहे आणि न्यूअर्क इतकं लांब आहे की सुरुवातीला थोडं इकडेतिकडे सरकल्यानं एकूण वाटेत फारसा फरक पडत नाही. तुमच्याच तिकिटांवरचे नुसते उडण्याचे तास मोजा. अबू धाबीमार्गे ३ तास १५ मिनिटं अधिक १४ तास २० मिनिटं, म्हणजे १७ तास ३५ मिनिटं. मुंबईमार्गे १ तास १० मिनिटं अधिक १६ तास ३० मिनिटं, म्हणजे १७ तास ४०. फरक पाच मिनिटांचा. म्हणून किलोमीटरच्या आकड्यावर तिकीट ठरवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

परतीला वेळ कमी का, हे तुम्ही विचारलंत ते मला फार आवडलं, कारण आमच्या कामाचा जीव तिथेच आहे. लोक पटकन उत्तर देतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून येताना घर आपल्यापासून दूर पळतं किंवा जाताना अमेरिका जवळ येते. तसं असतं तर अमेरिकेला जाणं सोपं झालं असतं आणि येणं अवघड. प्रत्यक्षात उलट आहे. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत पोहत असतं. खरं कारण आहे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमकी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची गरम हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून, पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामानं हे पट्टे तयार होतात. हिवाळ्यात तो फरक वाढतो, तेव्हा वारेही जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही नेहमीची गोष्ट, कधी तीनशेच्याही वर. हिवाळ्यात असा एक पट्टा आपल्या उत्तर भारतावरूनही वाहतो.

हिशोब सोपा आहे. विमानाचा हवेतला वेग ९०० धरा. साडेबारा हजार किलोमीटरच्या वाटेवर सरासरी फक्त ६० चा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशोबानं वेग ८४० उरतो आणि १४ तास ५३ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी आला तर वेग ९६० होतो आणि १३ तासांत काम होतं. म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त फरक, तोही अगदी मध्यम वाऱ्यात. तुमच्या तिकिटावर अबू धाबी-न्यूयॉर्क १४ तास २० आणि न्यूयॉर्क-अबू धाबी १२ तास ३० लिहिलंय ते यामुळेच. वारा किती देऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर वादळ होतं आणि त्याच्या पाठीवर बसून न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. एरवी त्या वाटेला साडेसहा-सात तास धरतात.

म्हणून रोजचा मार्ग रोज नव्यानं ठरतो. जाताना वारा टाळायचा, येताना तो शोधायचा. अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाऱ्याचा अंदाज बघून हवाई वाटांचा नवा संच आखला जातो, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा आणि पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळा. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं हे काम सांभाळतात. कामावर असताना मला कोणी विचारायचं, आजचं विमान कुठून जाणार? तर सकाळचा हवामान नकाशा समोर आल्याशिवाय मी कधी उत्तर दिलं नाही. आठवडाभर दोनशे-तीनशे किलोमीटर लांबची वाट घेऊनही विमान लवकर पोचवलेलं आहे, कारण छोट्या वाटेवर वारा तोंडावर होता. लांब रस्ता, कमी वेळ. हे डोळ्यांनी बघायला मिळतं तेव्हा या कामावर माणसाचं प्रेम बसतं.

दुसरं मोठं कारण माणसांनी केलेलं आहे. तो दोरा आठवा. त्याखाली पहिलाच देश पाकिस्तान. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली, मग भारतानंही त्यांच्यासाठी आपली बंद केली, आणि ही मुदत महिन्या-महिन्यानं वाढत राहिली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. दोऱ्याखाली पुढे अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ नंतर तिथली हवाई नियंत्रणाची व्यवस्था कोलमडली आणि अनेक कंपन्यांनी ती हद्द सोडली. पुढे रशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि त्यानंतर लगेचच युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना रशियाचं. म्हणजे कोणत्या कंपनीचं विमान आहे यावर त्याला कोणता देश ओलांडता येतो हे ठरतं. एकाच दिवशी, एकाच शहरातून निघालेली दोन विमानं यामुळे वेगळ्या वाटेनं जातात आणि वेगळा वेळ घेतात.

याचा सर्वांत जास्त फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून निघणारी भारतीय विमानं आता आधी दक्षिण-पश्चिमेला गुजरातच्या दिशेनं, मग अरबी समुद्र आणि आखातावरून जातात. वाढलेल्या तासांचं इंधन टाकीत मावेना म्हणून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरवावी लागली. इंधनाची गंमत अशी की ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. मोठं विमान तासाला साधारण सात-आठ टन पितं, पण शेवटच्या एका तासाचं इंधन सोबत घ्यायचं तर आधीचे चौदा-पंधरा तास ते ओझं उचलण्याचा खर्च वेगळा. एका मर्यादेनंतर डिस्पॅचरला एक तर माल उतरवावा लागतो, नाही तर माणसं, नाही तर वाटेत एक थांबा घ्यावा लागतो. मुंबईला हा त्रास तुलनेनं कमी, कारण तिथून निघालेलं विमान तसंही समुद्रावरूनच जातं. म्हणून वर दिल्लीची वाट किलोमीटरमध्ये सर्वांत छोटी दिसली तरी आजच्या घडीला भारतीय कंपनीनं जायचं असेल तर मी तुम्हाला दिल्ली सुचवणार नाही. आखातातल्या कंपन्यांच्या बाबतीत दुसरी जोखीम लक्षात ठेवा. जून २०२५ मध्ये इराण आणि आसपासचं आकाश अचानक बंद झालं, २३ जूनला कतारनं काही तास आपली हद्द बंद केली आणि हजारो प्रवासी आखाती विमानतळांवर अडकले. हे रोज होत नाही. पण औषधं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत दोन-तीन दिवसांची जास्तीची ठेवा, ते याचसाठी.

तिकिटावर जो वेळ असतो तो विमान गेटवरून हलतं तिथपासून गेटला लागतं तिथपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. न्यूयॉर्कच्या आकाशात केनेडी, न्यूअर्क आणि लाग्वार्डिया असे तीन मोठे विमानतळ एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे कंपन्या थोडा वेळ राखूनच वेळापत्रक करतात. कधी विमान अर्धा तास लवकर पोचतं, ते यामुळे.

आता घड्याळाचं. जावयांनी किंवा मुलीनं सांगितलं की त्याच दिवशी दुपारी पोचाल, की ऐकणाऱ्याला वाटतं बारा तासांत झालं. तुमच्या पहिल्या तिकिटावर अहमदाबाद पहाटे ४:३० आणि न्यूयॉर्क त्याच तारखेला दुपारी ४:२० आहे. घड्याळात फरक ११ तास ५० मिनिटांचा. त्यात दोन्हीकडच्या वेळेतला फरक मिळवायचा. मे महिन्यात तो साडेनऊ तासांचा असतो. मिळून २१ तास २०. परतीला तोच फरक वजा करायचा: शनिवारी रात्री १० ला निघून सोमवारी पहाटे २:३० ला अहमदाबाद, म्हणजे घड्याळात साडेअठ्ठावीस तास, त्यातून साडेनऊ गेले, उरले १९. जाताना मिळवा, येताना वजा करा. फक्त महिना बघा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा तास होतो. दिवाळी तिकडे करून नोव्हेंबरमध्ये परतणार असाल तर हे विसरू नका.

याच्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट ठळकपणे सांगतो. तिकिटावर पहाटेची १२:०० ते ५:०० मधली वेळ असेल तर घरातून आदल्या दिवशी रात्री निघायचं आहे. दुसऱ्या तिकिटावर मुंबईहून मंगळवारी १:३० लिहिलंय. मुंबईच्या विमानतळावर तुम्ही सोमवारी रात्री असायला हवं. शिकलेली, हुशार माणसं मंगळवारी रात्री बॅगा घेऊन हजर झालेली आहेत, आणि त्यांचं विमान वीस तासांपूर्वी गेलेलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर निघायच्या दिवशी पेनानं खूण करा, विमानाच्या तारखेवर नको.

आता तुमचा खरा प्रश्न: दांडिया बाजारातल्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत किती? हाच आकडा गुडघ्यांना कळतो, आणि तो तिकिटावर नसतो, म्हणून दोन्हींचा हिशोब मांडून दाखवतो.

अहमदाबादचं विमान पहाटे ४:३० चं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी तरी पोचायला हवं, आणि तुमच्या वयाला मी थोडं जास्तच धरतो. एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, पण विमानतळ अहमदाबादच्या उत्तरेला हांसोलकडे, म्हणजे शहर ओलांडायचं. दोन तासांच्या वर धरा. घरातून निघायचं सोमवारी रात्री पावणेअकराला. ती रात्र गाडीत आणि खुर्चीत गेली. पुढे अबू धाबीला पावणेचार तासांचा थांबा. तिथे एक सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते: २०१४ पासून अमेरिकेचा इमिग्रेशन आणि कस्टम्सचा तपास अबू धाबीतच करून घेतात. त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर येता, लांब रांग नाही. पण हा तपास त्या पावणेचार तासांतच उरकायचा असतो, थांब्यात निवांत पाय पसरायला मिळतील असं समजू नका. ४:२० ला उतरून सव्वापाचला बाहेर. आणि हा विमानतळ केनेडी, न्यूअर्क नव्हे. एडिसन तिथून साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि मध्ये संध्याकाळची न्यूयॉर्कची गर्दी. दोन तास धरा. मुलीच्या दारात संध्याकाळी सव्वासात. घड्याळाचा फरक मिळवून एकूण ३० तास.

मुंबईचं तिकीट. बडोद्याहून संध्याकाळी ६:४० चं विमान. हरणी घरापासून अर्ध्या तासावर, देशांतर्गत विमान. साडेचारला निघालात तरी पुरे. मुंबईला ७:५० ला, तिथे पाच तास चाळीस मिनिटं. न्यूअर्कला मंगळवारी सकाळी ८:३०. इमिग्रेशन आणि बॅगा धरून दहा वाजता बाहेर. एडिसन तिथून तीसेक किलोमीटर, पाऊण तास. सकाळी पावणेअकराला मुलीच्या घरी. एकूण २७ तास ४५ मिनिटं.

तिकिटावर दोन तासांनी लांब दिसणारा प्रवास दारापासून दारापर्यंत सव्वादोन तासांनी छोटा निघाला. शिवाय रात्रीचा एक्सप्रेसवे नाही, आणि विमान बदलायचं तेही आपल्या माणसांत, मराठी-हिंदी बोलत. आणि संध्याकाळी थकून पोचण्याऐवजी सकाळी पोचता, दिवसभर उजेडात जागं राहून रात्री झोपलात तर शरीर लवकर तिकडच्या वेळेला लागतं. साडेसोळा तास एका खुर्चीत बसणं गुडघ्यांना जड आहे, हे मान्य. मधल्या रांगेतली नको, कडेची जागा घ्या, दर दोन तासांनी उठून विमानाच्या मागच्या बाजूपर्यंत फेरी मारा, पाणी पीत राहा आणि पायांत घट्ट मोजे घालायचे की नाही ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

एक अट आहे, आणि तिच्यावर माझा सगळा सल्ला अवलंबून आहे. बडोदे-मुंबई आणि मुंबई-न्यूअर्क ही दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. एका पीएनआरवर असतील आणि बडोद्याचं विमान उशिरा आलं, तर पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन सुटी तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची, आणि अमेरिकेचं तिकीट ऐन वेळी नव्यानं काढणं म्हणजे काय खर्च असतो ते मी सांगायला नको. सुट्या तिकिटांत बॅगाही मुंबईला उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. तिकीट करणाऱ्याला सरळ विचारा: पीएनआर एक आहे की दोन? बॅग न्यूअर्कपर्यंत टॅग होईल का? उत्तर लेखी, तिकिटावर दाखवा म्हणा. आणि मुंबई म्हणजे कोणता विमानतळ तेही बघा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. एक विमान तिकडे उतरणारं आणि दुसरं सहारहून सुटणारं असेल, तर मधे सगळी मुंबई ओलांडायची आहे. सहारमध्येही देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरत असेल तर टर्मिनल दोनपर्यंत गाडीनं जावं लागतं.

पीएनआर दोन निघाले तर तिसरा पर्याय आहे: सोमवारी दुपारची गाडी पकडून बोरीवलीला उतरा आणि तिथून टॅक्सीनं सहारला जा. बडोदे-मुंबई रेल्वेनं ३९२ किलोमीटर, दिवसातून भरपूर गाड्या, आणि एक चुकली तर दुसरी मिळते. संध्याकाळी सातच्या आत बोरीवलीला पोचणारी गाडी बघा. तेही जमत नसेल तर अबू धाबीचं तिकीट घ्या, अहमदाबादला दुपारीच जाऊन विमानतळाजवळ कुठे तरी चार तास आडवे व्हा आणि मग रात्री निघा.

दोन्ही बाबतीत व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. यजमानांना चालता येतं म्हणून संकोच करू नका. या विमानतळांवर गेट ते बाहेरचं दार हे चालणं खूप मोठं असतं, आणि व्हीलचेअरबरोबर येणारा माणूस रांग, फॉर्म, बॅगेचा पट्टा सगळं दाखवतो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बॅग स्वतः उचलावी लागते, तिथेही त्याची मदत होते.

मेचं वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालतं. आज तिकीट काढलंत तरी मार्चअखेरीस एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा वेळा तपासा, दहा-वीस मिनिटांचे बदल सर्रास होतात. आणि मुलीला सांगा, विमान उतरण्याच्या वेळेला घरातून निघालीस तरी चालेल. तुम्ही बाहेर येईपर्यंत ती न्यूअर्कच्या दारात असेल.